खत टाकलं किती आणि पिकाला मिळालं किती?

(आपल्या संघाच्या खरीपपूर्व मेळाव्यात आमच्या कृषी सखींनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या मैत्रिणींना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी थोडा आवरून देत आहोत. – संपादक मंडळ)



मला आज नॅनो खतावर बोलायला सांगितलंय. गेल्या मासिक सभेत चार गावांतून एकच प्रश्न आला होता. "ताई, भाताला युरियाची गोणी घ्यायची की ती छोटी बाटली घ्यायची?" उत्तर मी देणारच आहे, गोलमाल बोलणार नाही. पण आधी आपण नत्राचा हिशेब मांडू. गटाच्या बैठकीत आपण रुपया कुठून आला, कुठे गेला, हे वहीत लिहितो ना? तसाच हा हिशेब. वही उघडली की उत्तर आपोआप दिसेल.

नत्र जातं कुठे?

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे गोणीत २० किलो ७०० ग्रॅम नत्र. पिकाला लागतं ते हे नत्र. पान हिरवं होतं, फुटवे येतात, दाणा भरतो, ते याच्या जोरावर. भाताच्या सुधारित जातींना आपल्याकडे हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. आपण गुंठ्यात बोलू, आपली खाचरं काही हेक्टरात नाहीत. गुंठ्याला झालं एक किलो नत्र, म्हणजे साधारण दोन किलो दोनशे ग्रॅम युरिया.

आता लक्ष द्या. पाणी भरलेल्या खाचरात आपण युरिया वरून फेकला, तर शंभरातलं तीस ते चाळीस भाग नत्र भाताच्या पोटात जातं. काही थोडं मातीत राहतं. बाकीचं गेलं. गोणी २६६ रुपये ५० पैशांची. त्यातल्या जवळपास १६० ते १८५ रुपयांचं खत आपल्या पिकाला मिळतच नाही. आणि गोणीची खरी किंमत याच्या कितीतरी पट आहे, वरचे पैसे सरकार भरतं. ते पैसेही आपलेच.

हे नत्र जातं कुठे? तीन वाटांनी जातं.

पहिली वाट हवेची. युरिया पाण्यात विरघळला की दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया होतो. तोच तो गोठ्यात नाकाला झोंबणारा वास. खाचराच्या पाण्यात शेवाळ असतं. दुपारच्या उन्हात त्या शेवाळामुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि अमोनिया वाफेसारखा उडून जातो.

दुसरी वाट पाण्याची. आपल्याकडचा पाऊस सांगायला नको. सकाळी युरिया फेकला, दुपारी सर आली, बांधावरून पाणी फुटलं की खत खालच्या शेतात. शेजारच्या काकांचं भात फुकटात हिरवंगार.

तिसरी वाट मातीतल्या जिवाणूंची. अमोनियाचं आधी नायट्रेट होतं, आणि चिखलात हवा नसली की जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करतात. त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड असतो. तो हवा तापवतो, आणि तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त धरली जाते. म्हणजे खतही गेलं आणि पाऊसपाणी बिघडायलाही हातभार लागला.

म्हणून खरा प्रश्न "खत किती टाकायचं" एवढाच नाही. ते हळूहळू कसं सुटेल आणि मुळाशी कसं राहील, हा आहे. सगळ्या जगातले शास्त्रज्ञ याच प्रश्नामागे लागलेत.

लेपाचा युरिया

यातली एक गोष्ट आपल्या घरात आधीच आलेली आहे. २०१५ पासून देशात तयार होणारा शेतीचा सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊन येतो. निंबोळीतले कडू घटक त्या जिवाणूंचं काम मंदावतात, म्हणजे तिसरी वाट थोडी अडते. तुमच्या आईने, सासूने युरियाला निंबोळी पेंड चोळून रात्रभर ठेवलेली कोणी पाहिली असेल. तेच तत्त्व. पण पहिल्या दोन वाटा लेपाने बंद होत नाहीत. लेपाचा युरियाही वरून फेकला आणि पाणी फुटलं, तर तो जाणारच.

२०२३ मध्ये गंधकाचा लेप दिलेला युरिया आला. 'युरिया गोल्ड' म्हणतात. त्यात नत्र ३७ टक्के आणि गंधक १७ टक्के. गोणी ४० किलोची. तो हळू विरघळतो आणि गंधकही मिळतं. पण गोणीत नत्र कमी आहे, हे घेताना ध्यानात ठेवा.

जपानात भातशेतीला प्लास्टिकचा पातळ लेप दिलेलं खत बरंच वापरलं गेलं. काम चांगलं करतं, पण खत संपल्यावर रिकामी टरफलं पाण्याबरोबर समुद्रात जाऊ लागली. म्हणून लेप कशाचा, हेही विचारायला हवं.

नॅनो म्हणजे काय?

नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म. आपल्या डोक्याचा एक केस घेतला आणि त्याचे उभे हजार भाग केले, तर एक भाग साधारण नॅनोच्या मापात येतो. वस्तू इतकी बारीक केली की तिचा पृष्ठभाग फार वाढतो. अख्खी मिरी आणि कुटलेली मिरी, तसंच. पृष्ठभाग वाढला की त्याला खूप काही चिकटवून ठेवता येतं.

याचा खरोखर चांगला उपयोग श्रीलंकेतल्या शास्त्रज्ञांनी केला. आपली हाडं आणि दात ज्या खनिजाचे असतात, ते कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज त्यांनी अतिसूक्ष्म रूपात तयार केलं आणि त्याला युरिया चिकटवला. सहा भाग युरिया, एक भाग खनिज. नुसता युरिया पाण्यात काही मिनिटांत विरघळतो, हा मात्र आठवडाभर हळूहळू सुटत राहतो. शेतकऱ्यांच्या भातशेतात त्यांनी तो लावून पाहिला. नेहमीच्या निम्मंच नत्र देऊनही उत्पादन घटलं नाही, उलट थोडं वाढलं. २०१७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. खनिज मागे राहिलं तरी विष नाही, त्यात स्फुरद आहे.

हे झालं हळू सुटणारं नॅनो खत. पण मैत्रिणींनो, आपल्या दुकानात जी बाटली मिळते, ती ही नव्हे. नाव सारखं म्हणून वस्तू सारखी समजू नका. बाटली मुळाशी हळू सुटत नाही, ती पानावर फवारायची असते.

बाटलीचा हिशेब

नॅनो युरियाची बाटली इफकोने २०२१ मध्ये आणली. अर्धा लिटर. जाहिरात अशी की एक बाटली म्हणजे एक गोणी. आता वही काढा.

पहिल्या बाटलीत नत्र होतं ४ टक्के. अर्ध्या लिटरात झालं २० ग्रॅम. गोणीत किती म्हटलं आपण? २० किलो ७०० ग्रॅम. एक हजार पटींचा फरक. नंतर २० टक्क्यांची बाटली आली, 'प्लस' नावाची. तिच्यात झालं १०० ग्रॅम.

आता दुसरी बाजू. एक क्विंटल भात पिकवायला पिकाला साधारण दीड ते दोन किलो नत्र लागतं. मग १०० ग्रॅम नत्रात किती भात पिकेल? पाच-सात किलो. आणि २० ग्रॅममध्ये किलो, सव्वा किलो. हे सुद्धा बाटलीतला थेंबन् थेंब पिकाने घेतला असं धरून. पानाने कितीही चांगलं शोषलं, तरी बाटलीत जेवढं आहे त्याहून जास्त ते घेणार कुठून? पाव किलो पिठाच्या भाकऱ्या वीस माणसांना पुरत नाहीत, परात कितीही चांगली असो.

कंपनीचं म्हणणं असं की फवारणीने पिकाची एकूण ताकद वाढते. आपण म्हणणं ऐकून घेऊ. पण लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने सलग दोन वर्षं भात आणि गव्हावर याचा प्रयोग केला. निम्मा युरिया कमी करून त्याजागी बाटली फवारली. पूर्ण युरिया दिलेल्या शेताच्या मानाने भाताचं उत्पादन साधारण १३ टक्के घटलं, गव्हाचं २० टक्क्यांहून थोडं जास्त घटलं. दाण्यातलं नत्रही कमी झालं, म्हणजे प्रथिनं कमी झाली. तोच भात आपली पोरं खाणार.

तेव्हा माझं उत्तर हे. बाटलीच्या भरवशावर गोणी बंद करू नका. बाटलीच्या सूचनांमध्येसुद्धा लावणीच्या वेळचं पायाभूत खत कमी करू नये, असंच सांगितलंय. ज्यांना फवारायची हौस आहे, त्यांनी एका गुंठ्यात फवारून बघावं. अख्ख्या शेतावर नको.

आणि एक गोष्ट. आपल्यातल्या काही जणींना एका दुकानात सांगितलं गेलं की बाटली घेतली तरच गोणी मिळेल. याला लिंकिंग म्हणतात आणि त्याला परवानगी नाही. केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जुलै २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र लिहून हे थांबवायला सांगितलंय. असं कोणी केलं तर भांडत बसू नका. पक्कं बिल मागा, तारीख लिहून ठेवा आणि ग्रामसंघाच्या लेटरहेडवर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. एकटी बाई गेली तर "उद्या या" म्हणतात. दहा जणी गेल्या की खुर्ची देतात.

आपल्या मातीतलं हळू सुटणारं खत

"मग ताई, श्रीलंकेचं खत येईपर्यंत आम्ही काय करायचं?" हा प्रश्न आलाच पाहिजे. मैत्रिणींनो, नॅनो नसलेलं पण तेच काम करणारं एक खत आपल्या कोकणाला जुनं ठाऊक आहे. युरिया-डीएपीची गोळी, म्हणजे ब्रिकेट. भातशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीतलं हे चौथं सूत्र.

बाकी तीन सूत्रंही ऐका, कारण गोळी एकटी काम करत नाही. पहिलं, भाताचा पेंढा शेतात गाडायचा आणि तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची. राखेतल्या सिलिकाने रोप ताठ आणि काटक होतं. दुसरं, गिरिपुष्पाचा कोवळा पाला चिखलणीआधी शेतात घालायचा, गुंठ्याला तीसेक किलो. बांधावर लावलेला गिरिपुष्प फुकटचं नत्र देतो. तिसरं, दोरीवर नियंत्रित लावणी. दोरीला १५ सेंटिमीटर, मग २५, मग १५, मग २५ अशा खुणा करायच्या. दोन्ही बाजूंनी हेच अंतर. त्यामुळे चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात. चुडात दोन-तीन रोपं पुरेत, मूठभर नकोत.

आणि चौथं, लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. गोळी असते २ ग्रॅम ७०० मिलिग्रॅमची. गुंठ्याला लागतात ६२५ गोळ्या, वजनात पावणेदोन किलोच्या आत.

एवढ्याने काय होतं? गोळी चिखलात खोल असते. वरच्या पाण्यात अमोनिया येत नाही, म्हणून उडत नाही. पाणी फुटलं तरी वाहत नाही. तिथे हवा नाही, म्हणून नायट्रेट होत नाही. मातीचे बारीक कण नत्र धरून ठेवतात आणि चारी चुडांची मुळं तिथे जाऊन आठवडेच्या आठवडे घेत राहतात. तिन्ही वाटा बंद. गुंठ्याला गोळीतून जेमतेम ५७-५८ ग्रॅमच्या दसपट, म्हणजे ५८० ग्रॅम नत्र जातं, तेही डीएपीतल्या स्फुरदासकट. फेकून देतो तेव्हा एक किलो नत्र लागत होतं. बांगलादेशात हीच गोष्ट 'गुटी युरिया' म्हणून मोठ्या प्रमाणावर चालते.

काही पथ्यं आहेत. रेताड, पाणी न ठरणाऱ्या जमिनीत गोळी लागू पडत नाही, नत्र खाली झिरपतं. खोचल्यावर काही दिवस खाचरातलं पाणी सोडायचं नाही. त्या चौकोनात पाय द्यायचा नाही, चालायचं ते २५ सेंटिमीटरच्या मोकळ्या पट्ट्यातून. गोळ्या हवेतला ओलावा ओढून विरघळतात, म्हणून पिशवी घट्ट बांधा आणि लावणीच्या तोंडावरच आणा. हाताला चिरा असतील तर झोंबतं, रबरी मोजे घाला.

सहा हजार वेळा वाकायचं कोणी?

आता मी जे बोलणार आहे, ते कृषी प्रदर्शनात कोणी बोलत नाही. दहा गुंठ्यांना गोळ्या लागतात ६,२५०. म्हणजे ६,२५० वेळा चिखलात हात घालायचा. हात कोणाचा? आपला. युरिया फेकतो घरधनी, बांधावर उभा राहून, अर्ध्या तासात. गोळी खोचते बाई, लावणी करून मोडलेल्या कमरेने. खताची बचत घराच्या नावावर आणि कमरेचं दुखणं बाईच्या नावावर, असा हा हिशेब व्हायला नको.

म्हणून गोळी वापरायचं ठरलं तर तीन गोष्टी घरात आधी बोलून घ्या. एक, गोळी खोचायचं काम लावणीच्या मजुरीत फुकट धरायचं नाही, त्याची मजुरी वेगळी. घरचं काम असलं तरी वहीत लिहायची. दोन, खोचायला घरातल्या पुरुषांनीही उतरायचं. याला काही विशेष हात लागत नाही. तीन, पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांच्या वर जायचं नाही. फायदा कमरेला परवडतो का, हे बघूनच पुढचं पाऊल.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब ठेवा. गोळी दिली की नंतर युरियाचे दोन हप्ते द्यावे लागत नाहीत. ओळीत लावणी असली की बेणणी सोपी जाते. रोपंही कमी लागतात. हे वजा करून काय उरतं, ते पाहा.

काही गटांनी ब्रिकेटचं यंत्र घेण्याबद्दल विचारलंय. विचार चांगला आहे. पण खत तयार करून विकायला खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. परवान्याचं काय, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि मगच कर्जाचा ठराव करा. आधी गिऱ्हाईक, मग यंत्र.

गोळी जमत नसेल तर

ज्यांना गोळी जमणार नाही, त्यांनी युरिया विभागून द्या. चाळीस टक्के लावणीला, चाळीस फुटव्याला, वीस पोटरीला. गुंठ्याला मोजून ९०० ग्रॅम, ९०० ग्रॅम आणि ४०० ग्रॅम. सुफला १५:१५:१५ देत असाल तर त्यातलं नत्र वजा करा. दहा किलो सुफलात दीड किलो नत्र आलेलं असतं. देताना पाणी कमी करून चिखलात द्या, बांध बुजवा, आभाळ भरून आलं असेल तर तो दिवस सोडा.

दुसरं साधन पानांच्या रंगाचा तक्ता. हातभर लांबही नाही, प्लास्टिकची पट्टी असते, तिच्यावर फिक्या हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत रंग. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरुवात करायची आणि दर आठवडा-दहा दिवसांनी बघायचं. सकाळच्या वेळी दहा वेगवेगळ्या चुडांचं वरचं, पूर्ण उघडलेलं पान पट्टीवर ठेवायचं. पान तोडायचं नाही, उन्हात धरायचं नाही, आपल्या सावलीत धरायचं. दहातली पाचांहून जास्त पानं ठरलेल्या रंगापेक्षा फिकी असतील तर युरिया द्यायचा, नाहीतर थांबायचं. आपल्या जातीला कोणता रंग धरायचा, ते कृषी सहायकांना विचारा. जास्त युरियाने भात लोळतो, करपा आणि तुडतुडे येतात. न टाकलेला युरिया हीसुद्धा बचत आहे.

वरकस जमिनीवर नाचणी, मका किंवा ज्वारी असेल त्यांनी एवढंच करा. युरिया मातीवर उघडा टाकू नका, ओळीच्या बाजूला द्या आणि लगेच मातीने झाका.

या खरिपाचं काम

शेवटी काम सांगते. प्रत्येक ग्रामसंघातून दोन जणींनी नाव द्यावं. एकाच खाचरात, एकाच जातीचे, एकाच दिवशी लावलेले एकेक गुंठ्याचे तीन तुकडे करायचे. एकात नेहमीसारखं खत. दुसऱ्यात मोजून, विभागून, रंग बघून. तिसऱ्यात गोळी. ज्यांच्याकडे बाटली आहे त्यांनी चौथा तुकडा करावा. मध्ये बांध घाला, नाहीतर एकाचं खत दुसऱ्यात जाईल.

वहीत पाच रकाने: खत किती किलो, खर्च किती, मजुरीचे तास किती आणि ते कोणाचे, फुटवे किती, वाळवून तोललेलं भात किती. कापणीनंतर सगळ्या वह्या संघाच्या बैठकीत आणायच्या. पुढच्या वर्षी दुकानदार काय म्हणतो, जाहिरात काय म्हणते, मी काय म्हणते, याची गरजच राहणार नाही. आपलं खाचर काय म्हणतं, ते आपल्याच अक्षरात आपल्याकडे असेल.

नावं आमच्या टेबलापाशी द्या. दोरी आणि खुणा कशा करायच्या, ते जेवणानंतर मागच्या अंगणात दाखवते.